मला न ऐकू येणारी शिट्टी

आमच्या घरात माझ्या कानाचा विषय निघाला की सगळे आवाज खाली करत. आता मला सांगा, बहिऱ्या पोरीपुढे हळू बोलायची काय गरज? लपवायचं होतं ते शेजाऱ्यांपासून. अकोल्यातली आमची चाळ म्हणजे एकाच्या घरची फोडणी दुसऱ्याच्या नाकात आणि एकाच्या घरचं भांडण तिसऱ्याच्या तोंडात. मी पहिलीत असताना मला गोवर आला आणि जाताना दोन्ही कानांतलं बरंचसं घेऊन गेला. ठार बहिरी नाही झाले. दार आपटलेलं, कुत्रं भुंकलेलं, लग्नातला बँड ऐकू येई. पण माणसाचं बोलणं म्हणजे गोधडीत तोंड खुपसून कोणीतरी पुटपुटतंय असं वाटायचं. माय सगळ्यांना सांगायची, "काही नाही वं, हिचं ध्यान नसते." बेध्यान पोरीचं लग्न होतं, बहिरीला कोण करून घेतो! एवढा साधा हिशोब होता तिचा, आणि मी सात वर्षांची असतानाच तो मला पाठ झाला होता.

मग मामाने मुंबईहून ऐकायचं मशीन आणलं. त्या वेळी बहुतेकांकडे छातीवर डबी आणि तिच्यातून कानात जाणारी वायर असायची. माझं कानामागे बसणारं होतं, भुईमुगाच्या शेंगेएवढं. रंग मात्र गोऱ्या माणसाच्या कातडीचा, त्यामुळे माझ्या काळ्यासावळ्या कानामागे ते असं उठून दिसायचं की विचारू नका. घरात त्याला कोणी नाव ठेवलं नाही. 'ते' म्हणायचे. "ते घातलं का?" "ते काढून ठेव, पाव्हने येऊन राहिले." पहिल्यांदा कानात घातलं तेव्हा ताटवाट्यांचा आवाज असा अंगावर आला की मी टेबलाखाली शिरले. नळाचं पाणी, मायच्या बांगड्या, भाकर थापताना परातीवर पडणारी थाप, चुलीवर आंबाडीची भाजी रटरटते तो आवाज, सगळं एकदम घरात घुसलं. मायचा आवाज इतका घोगरा असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं आणि तिने मला उलथनं दाखवलं.

पण एक सांगते, त्या मशीनची निगा मायएवढी कोणी राखली नसेल. सकाळी चहाच्या आधी ती बॅटरीचं झाकण लावायची, मशीन मुठीत घट्ट धरायची आणि स्वतःच्या कानाशी न्यायची. मुठीत कोंडलं की ते 'चीं' करायचं. 'चीं' केलं म्हणजे बॅटरी जिवंत. कानात बसणारा प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे साचा, मशीनपासून सोडवून कोमट पाण्यात साबणाने धुवायची, नळीत अडकलेलं पाणी फुंकून काढायची आणि धोतराच्या मऊ फडक्याने पुसून सावलीत ठेवायची. मशीनला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. रात्री झाकण उघडं ठेवून ते स्टीलच्या डबीत जायचं. आमचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दुपारी घाम केसांतून ओघळत मशीनच्या पोटात शिरायचा आणि आवाज खरखरायला लागायचा. मग माय ते पुसत बसायची आणि उन्हाला शिव्या घालायची.

आणि एवढं सगळं केल्यावर ते झाकायची. माझ्या दोन वेण्या कानांवरून वळवून लाल रिबिनींनी अशा बांधायची की कान सापडणार नाहीत. त्यावर स्कार्फ. हिवाळ्यात थंडी म्हणून, उन्हाळ्यात ऊन लागतं म्हणून, पावसाळ्यात कारणच विचारायचं नाही. स्कार्फ शिवून द्यायची शेजारची जमिलाखाला. शनिवारी कानात कोमट तेल घालायचं, हे तर आमच्याकडे नेमाचंच. गोवर झाल्यावर मायने तेल वाढवलं. तेलाने कान उघडेल असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. परवा नातीच्या शाळेत एक पोरगं पाहिलं, कानामागे निळंशार मशीन आणि त्यावर वाघाचं चित्र. ते पोट्टं मित्रांना मशीन काढून दाखवत होतं. मी बाप्पा बघतच राहिले. 

शिट्टीचं सुरू झालं मी सहावीत असताना. माझं मशीन शिट्टी मारायला लागलं, आणि गंमत बघा, गावाला ऐकू येई, मला येत नसे. इतका बारीक आवाज माझ्या कानाच्या हिशोबात उरलेलाच नव्हता. मला फक्त चेहरे दिसत. माणसं बोलता बोलता थांबत, इकडेतिकडे बघत, मग माझ्याकडे. खाला एकदा आमच्या ओट्यावर मटार सोलत होती. ती माझ्याजवळ तोंड आणून म्हणाली, "अगे बेटा, तेरे कान में कुकर चढाया क्या?" आणि हसली. खालाचं हसणं प्रेमाचं होतं, ते मला कळायचं. मायला मात्र ते लागलं. तिने मला आत ओढलं आणि स्कार्फची गाठ आणखी घट्ट केली. शिट्टी आणखी वाढली. रोज सकाळी ते मशीन मुठीत कोंडून 'चीं' ऐकणाऱ्या माझ्या मायला स्कार्फखाली तेच होतंय, हे कधी सुचलं नाही. मलाही नाही. आम्ही दोघी एकमेकींहून शहाण्या!

शाळेत प्रार्थना झाली की थोडा वेळ डोळे मिटून गप्प उभं राहायचं असे. त्या शांततेत माझी शिट्टी. आधी मागच्या रांगेतल्या पोट्ट्यांनी मार खाल्ला, मग खरं काय ते उमगलं. "शिट्टी" हेच माझं नाव पडलं. गणिताच्या तासाला सर मला बाहेर उभं करायचे. मग मी एक युक्ती काढली. शाळेच्या फाटकात शिरताना मशीन बंद करायचं आणि सगळा दिवस काढायचा तो नुसत्या ओठांवर. समोरच्याचे ओठ वाचायचे. नाही जमलं तर लोक हसले की हसायचं, लोकांनी मान हलवली की आपणही हलवायची. मी त्यात इतकी तरबेज झाले की बाई म्हणायच्या, पोरगी समजूतदार आहे. कधी कधी मशीन बंद करायला विसरायची, आणि मग सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता बाबांबद्दल सांगते. बाबा जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसातली सरकी वेगळी करणारी ती यंत्रं हंगामभर अशी धडधडत की फाटकाबाहेर उभं राहिलं तरी पायाला जाणवे. आतली माणसं हातवाऱ्यांनीच बोलत. बाबा घरी आले की त्यांच्या मिशीत कापसाचे तंतू असायचे आणि तोंड सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. मोठ्याने बोलायचे, स्वतःच्याच विनोदाला हसायचे, दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत. रेडिओ लावला की तिसऱ्या घरातून ओरड यायची. "फिटरचा गळाच तसा," असं सगळे म्हणायचे. घरात एकच बहिरं माणूस आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

सातवीत असताना, दिवाळीच्या सुटीआधी, हेडसरांनी बाबांना बोलावलं. हेडसर सभ्य गृहस्थ, घाटावरून बदलून आलेले, कधी कोणावर आवाज चढवत नसत. त्यांच्या खोलीच्या बाहेर मैदानात कवायत चालू होती, डोक्यावर पंखा खडखडत होता, कोपऱ्यात कारकून टाइपरायटर बडवत होता. बाबांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, मशीन बंद करून, हेडसरांच्या ओठांकडे डोळे लावून बसले. हेडसर समोरच्या कागदाकडे बघत बोलत होते. त्यांनाही ते बोलणं जड जात असावं.

"मुलगी हुशार आहे, तिचा दोष नाही. पण वर्गाला त्रास होतो, पालक तक्रार करतात. अमरावतीला अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे. तिथे तिचं भलं होईल. मी दाखला तयार ठेवतो, सोमवारी घेऊन जा. चालेल ना?"

मी बाबांकडे पाहिलं. आता बाबा टेबलावर मूठ आपटतील, म्हटलं. बाबा मान डोलवत होते. "हाव जी," ते म्हणाले. "बराबर हाय. तुमी म्हनान तसं."

हेडसरांनी मान वर केली. "मला वाटलं होतं, तुम्ही रागवाल," ते म्हणाले, आणि सुटल्यासारखे हसले. त्यांना हसताना पाहून बाबाही हसले. चांगलं मोठ्याने हसले.

ते हसू मी ओळखलं. अहो, माझंच होतं ते! समोरचा हसला की हसायचं, मान डोलली की डोलवायची. रोज फाटकात शिरल्यावर मी जे नाटक करायचे तेच माझा बाप माझ्या शेजारी बसून करत होता, आणि माझ्याहून सफाईने करत होता. किती वर्षं करत होते कोण जाणे. त्यांच्या अखंड बडबडीचा अर्थ मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लागला. आपणच बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही. एखादा ओरडणारा हेडमास्तर असता तर बाबांना ऐकू तरी आलं असतं. हा भला माणूस हळू बोलला आणि बाबांनी हसत हसत मला शाळेतून काढून टाकलं.

मी उठून उभी राहिले. माझा स्वतःचा आवाज मला कळत नसल्याने मी बोलायची तेव्हा ओरडल्यासारखंच व्हायचं. "सर, बाबाले ऐकू नाही येत! त्यायले समजलंच नाही तुमी काय म्हनून राहिले ते!"

टाइपरायटर थांबला. कारकून मान वळवून बघायला लागला, दारातला शिपाई आत डोकावला. त्या खोलीतलं बाबांनी नीट ऐकलेलं ते एकच वाक्य. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "काय बकून राहिली वं?" ते माझ्यावर खेकसले. हेडसर उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ आले आणि वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून त्यांनी ते सगळं पुन्हा सांगितलं. दाखला. अमरावती. सोमवार. बाबा ऐकत होते आणि त्यांचे हात मांडीवर चुळबुळत होते. मग ते म्हणाले, "नाही जी. शाळा नाही सुटनार तिची."

"मग त्या शिट्टीचं काय?"

"शिट्टी मी बंद करतो. मशीनच हाय ना ते."

"ठीक आहे," हेडसर म्हणाले. "सुटी संपली की पुन्हा या. तेव्हाही शिट्टी असली तर मात्र माझा नाइलाज."

घरी जाताना मी सायकलच्या कॅरियरवर बसले होते. एरवी बाबा रस्ताभर बोलायचे, त्या दिवशी एक अक्षर नाही. मला त्यांचे कान दिसत होते, लालबुंद. मायने विचारलं, "काय म्हने सर?" तर म्हणाले, "मशीन दुरुस्त करा म्हने." पुढचं त्यांनीही सांगितलं नाही, मीही नाही. माय जेवायला वाढत होती, झुणका-भाकर आणि कांदा, आणि आम्ही दोघं ताटात तोंड घालून बसलो होतो. मी बापाचं नाक कापलं होतं, तेही कारकून आणि शिपायासमोर. आज एवढं वय झालं, पोरीबाळींची लग्नं झाली, पण शाळेच्या ऑफिसात जायची वेळ आली की माझा तळहात अजून ओला होतो. शाळा वाचवायला दुसरा रस्ता नव्हता, हे मला ठाऊक आहे. लाजेला त्याचं काही देणंघेणं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मशीन हातात घेतलं. त्यांनी ते आधी कधीच हातात घेतलं नव्हतं. साचा माझ्या कानात बसवला, एक डोळा मिटून आजूबाजूने पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "जॉइंट ढिला हाय. लीक होऊन राहिलं." आणि खरं सांगू, त्यांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं! पण उपाय फिटरचा. पाइपाच्या जोडातून गळती असली की तिथे सूत गुंडाळून पॅकिंग करतात. बाबांनी जिनातला कापूस आणला, त्याची बारीक वात वळली, साच्याभोवती गुंडाळली आणि तेलाचं बोट फिरवून साचा कानात दाबून बसवला. शिट्टी थांबली. मायच्या चेहऱ्यावरून कळलं की थांबली. शाळेतून आल्यापासून बाबा पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "पाह्य, झालं का नाही?" ते म्हणाले. मीही हसले.

कापसाने घाम प्यायला, तेल प्यायलं, आणि आत कुजलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझा कान सुजून टम्म झाला आणि वाहायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी कापूस बघितला आणि कपाळावर हात मारला. कान सुकेपर्यंत मशीन घालायचं नाही असं ते म्हणाले, आणि सुकल्यावर आधी अमरावतीला जाऊन साचा बघून घ्या असंही. दिवाळी गेली ती अशी. माय करंज्या तळत होती, बाबा ओट्यावर बसून नुसते समोर बघत होते, आणि सुटी सरत चालली होती. रोज सकाळी माय वेण्यांना रिबिनी बांधायची. तिच्या मनात काय होतं ते मला ओठांवर दिसत नव्हतं.

कान सुकला तेव्हा सुटीचे मोजके दिवस राहिले होते. बाबा मला एसटीने अमरावतीला घेऊन गेले. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला गिला वडा खाऊ घातला, दह्यात बुडवलेला, स्वतः मात्र नुसता चहा घेतला. कान तपासणाऱ्या बाई चष्म्यातून बघायच्या आणि समोर तोंड करून स्वच्छ बोलायच्या. त्यांनी माझा स्कार्फ सोडला, रिबिनी सोडल्या, वेण्या बाजूला केल्या. "हे कोणी सांगितलं झाकायला?" त्या म्हणाल्या. "मुलीसोबत कानही वाढतो. साचा आहे तेवढाच राहतो. मग फट पडते, आवाज फटीतून बाहेर येतो आणि पुन्हा मशीनमध्ये शिरतो, त्याची ही शिट्टी. वरून तुम्ही कापड दाबता, म्हणजे तो बाहेरही जाऊ शकत नाही. लहान मुलांचा साचा वरचेवर बदलावा लागतो. तेल बंद. केस वर बांधा. कान उघडा राहू द्या."

बाबा मान डोलवत होते. "हाव जी. बराबर हाय."

या वेळी माझ्याच्याने बोलवलं नाही. बाईंनी माझ्या कानात गुलाबी लगदा भरून माप घेतलं. तो थंडगार होता आणि त्याने सगळं जग बंद झालं. सांगून टाकते, त्या मापाचा साचा सुटी संपायच्या आत मिळाला, वेण्या वर गेल्या, शिट्टी गेली, आणि मॅट्रिक मी त्याच शाळेतून झाले. उघड्या कानांनी मी पहिल्यांदा शाळेत निघाले त्या दिवशी माय मला पोचवायला दारापर्यंत आली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी माप घेऊन झाल्यावर बाई हात धुवायला गेल्या आणि परत येताना बाबांच्या पाठीमागे थांबल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे खाली घातले. मग त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावला आणि समोर येऊन म्हणाल्या, "तुमचाही कान बघू या."

"माहा? माहा कान चांगला हाय जी. जिनात काम करतो ना, जरा मोठ्यानं बोला लागते. बस."

"बघायला काय जातं?"

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. सुटी संपली की पुन्हा तेच टेबल होतं, तोच पंखा, तेच हळू बोलणारे हेडसर. "अच्छा," ते म्हणाले. "पाहून घ्या. तुमची हौस."

कान तपासायची, काचेची खिडकी असलेली कपाटाएवढी खोली. बाबा आत स्टुलावर बसले, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटन. आवाज ऐकू आला की बटन दाबायचं. मी बाहेर बाईंशेजारी बसले होते. बाई आवाज सोडायच्या तेव्हा त्यांच्या यंत्रावर एक बारीक दिवा लागायचा. बाबांनी दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. बाई चक्रावल्या. "ऐकू तर सगळं येतंय," त्या म्हणाल्या. मी बाबांकडे पाहिलं, आणि कळलं. दिवा लागला की माझे डोळे तिकडे जात होते. बाबा काचेतून माझ्या डोळ्यांकडे बघत होते.

ही चोरी मला कळणार नाही तर कोणाला कळेल! मी तशीच बसून राहिले असते तर बाबा चांगल्या कानाचे म्हणून घरी गेले असते, मान ताठ करून. कोणाला काही कळलं नसतं. आणि पुढच्या वेळी हेडसर बोलले असते तेव्हा पुन्हा हसले असते. मी खुर्चीच्या हाताला धरलं आणि खुर्ची फिरवायला उठले तसे त्यांचे ओठ हलले. आवाज काचेपलीकडेच राहिला, पण मला कुठे आवाज लागतो? "पलटू नको, माय," ते मला म्हणाले; आमच्याकडे लेकीलाही लाडाने माय म्हणतात.

मी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तशीच बसले. भिंतीला पिवळा रंग होता आणि एका जागी पोपडा निघालेला होता. बराच वेळ गेला. मग बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला, झालं म्हणून. मी वळून पाहिलं. बाबा काचेमागे पाठ ताठ करून, बटनावर अंगठा ठेवून बसले होते. बारीक आवाज सगळे देऊन संपले होते, आणि ते अजून त्यातल्या पहिल्याची वाट बघत होते.